साचा

निवृत्त माणसाने काय करावे, याबद्दल निवृत्त न झालेल्या माणसांची मते फार ठाम असतात. कुणी मला ज्ञानेश्वरी वाचा म्हणाले, कुणी पर्वती चढा म्हणाले. मी मराठी विकिपीडियावर गेलो. १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झालेला हा ज्ञानकोश कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा आहे. कचेरीत तीस वर्षे मी यांतले दुसरे काम केले होते. म्हटले, आता पहिले करून पाहू.

तिथे मला 'साचा' भेटला. महिरपी कंसांच्या जोडीत साच्याचे नाव लिहिले की पानावर आख्खी चौकट उमटते. तालुका, जिल्हा, लोकसंख्या, पिनकोड अशी चौकट एकदाच बांधायची, मग प्रत्येक गावाने आपापली माहिती भरायची. थोडक्यात, फॉर्म! जन्मभर मी लोकांनी केलेले फॉर्म भरले होते. आता माझा फॉर्म लोक भरणार होते. मी लगेच गावांसाठी एक साचा केला.

"म्हणजे आपल्या मोदकाच्या साच्यासारखंच की हो," सौ. म्हणाली.

"अगदी तस्संच!" मी म्हणालो, आणि इथेच फसलो.

मोदकाचा साचा फुटला तरी ताटातले मोदक शाबूत राहतात. विकीवर तसे नाही. गावाचे पान चौकट स्वतःजवळ ठेवीतच नाही, साच्याकडून मागून आणते. त्यामुळे साच्याची एक कळी वाकवली की पूर्वी वाढलेल्या सगळ्या मोदकांची कळी वाकते. नावाआधी 'सब्स्ट' लिहून चौकट कायमची पानात उतरवता येते म्हणा. पण मग ते पान वेगळ्या बिऱ्हाडी गेलेल्या मुलासारखे होते. आपल्या पुढच्या सुधारणा तिथपर्यंत पोचत नाहीत.

मागण्या सुरू झाल्या. एकाला लोकसंख्येची घनता हवी होती. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचे, त्यात काय एवढे! पण भागाकार करणाऱ्या यंत्राला इंग्रजी आकडेच कळतात, आणि मराठी ज्ञानकोशात मराठी माणूस आकडे मराठीच लिहिणार. वर स्वल्पविराम देऊन. घनतेच्या जागी लाल अक्षरांत त्रुटी झळकली. ते आकडे आतल्या आत उलटवून घेतो न घेतो, तोच कुणी ग्रामदैवत मागितले, कुणी आठवडी बाजाराचा वार. ज्या गावाला बाजार नाही तिथे रिकामी ओळ दिसू नये म्हणून 'असेल तर' घातले. मग त्या 'असेल तर'च्या पोटात आणखी एक 'असेल तर'. शेवटी महिरपी कंस इतके झाले, की साचा मिशाळ माणसांच्या संमेलनासारखा दिसू लागला.

अशातच एका रात्री मी साच्याला 'साचे' हा वर्ग जोडला. असला मजकूर 'नोइन्क्लूड' नावाच्या कुंपणात ठेवायचा असतो, म्हणजे तो साच्याच्या पानावरच राहतो. मी तो कुंपणाबाहेर ठेवला. आधी धूळपाटीवर करून पाहायची पद्धत आहे. पण धूळपाटी नवशिक्यांसाठी, असा माझा समज. सकाळी पाहतो तो गावेच्या गावे 'साचे' या वर्गात जाऊन बसलेली! माझ्या चर्चापानावर एका शाळामास्तरांचा निरोप होता : "आमचं गाव साचा कधीपासून झालं?" मास्तरांना वर्ग चुकलेला खपत नाही.

मी मिनिटात दुरुस्ती केली, पण गावे हलेनात. इतकी पाने पुन्हा तपासायची म्हणजे त्यांची रांग लागते, आणि यंत्र ती सवडीने उरकते. मी कचेरीत असताना लोकांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळले. मास्तर तासातासाने विचारीत होते, "आता?"

पुढे वर्षभराने एकाने विचारले, "तिसरं 'असेल तर' कशासाठी आहे?" मला आठवेना. असला गबाळेपणा कुणी केला म्हणून इतिहास उघडला. नाव माझेच. बदलाच्या सारांशात लिहिले होते : "किरकोळ."

साचा कसा वापरावा याची माहिती मी लिहिलीच नव्हती. ती अखेर मास्तरांनी लिहिली. चार संध्याकाळी खपून, एकेक रकाना समजावून, उदाहरण म्हणून स्वतःचे गाव भरून. मला म्हणाले, "तिसऱ्या 'असेल तर'चं काय लिहू?" मी म्हटले, "राहू द्या, काढलं तर काय पडेल सांगता येत नाही." त्यांनी तसेच लिहिले.

ती माहिती कुंपणाच्या आत आहे. मी दोनदा पाहिले. मास्तरांनी तीनदा.