माझी गुणपत्रिका

गेलीं वीस वर्षें मी दुसऱ्यांस गुण देत आलों आहें. परंतु प्रत्येक सत्राच्या अखेरीस माझ्या टेबलावर एक लखोटा येऊन पडतो, आणि तो फोडतांना माझी स्थिति निकालाच्या फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या पोरासारखी होते. त्यांत माझे विद्यार्थी मला गुण देतात!

मी पदव्युत्तर वर्गांना रुग्णालयांतील औषधशास्त्र शिकवितों. हा विषय फळ्यापुढें थोडा व रोग्याच्या खाटेजवळ फार शिकावा लागतो. केसपेपर वाचणें, मूत्रपिंडें अधू असतील तर मात्रा कमी करण्यास सुचविणें, दोन औषधांचें आपसांत वांकडें नाहीं ना हें पाहणें, आणि चूक दिसली तर ती डॉक्टरांच्या कानांवर घालणें, हा आमचा अभ्यास. सत्र संपलें कीं मुलांपुढें प्रश्नावली येते. प्रत्येक प्रश्नापुढें एक ते पांच आंकडे. नांव घालावयाचें नाहीं. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत रेमर्स यांनीं १९२७ च्या सुमारास असली मोजपट्टी तयार केली होती. आपल्याकडे १९९४ सालीं ‘नॅक’ स्थापन झाल्यावर ती हळूहळू रुळली.

यंदाचा लखोटा फोडला. वक्तशीरपणा ४.८, विषयज्ञान ४.७. मी मनांतल्या मनांत सुखावलों. पुढची ओळ होती, ‘विद्यार्थ्यांस बोलण्यास उत्तेजन देतात’: २.१.

गुण कमी पडले कीं माणूस प्रथम परीक्षकाला दोष देतो. मुलांना तयार टिपणें हवीं असतात, असें मीं स्वतःला समजावलें. विद्वानांचा आधारहि होता. कॅरेल व वेस्ट यांनीं अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमींतील गणिताच्या वर्गांचा अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध केला. ज्या शिक्षकांचे विद्यार्थी पुढच्या वर्गांत सरस ठरले, त्यांनाच मुलांनीं कमी गुण देण्याकडे कल होता. मग काय! माझे २.१ हें माझ्या थोरवीचेंच प्रमाणपत्र ठरलें.

परंतु शेवटच्या पानावर टंकलिखित एक वाक्य होतें : “सर प्रश्न फार विचारतात, पण एकदा उत्तर चुकलं की पुन्हा तोंड उघडण्याचा धीर होत नाही.”

तें वाचतांच मला मागच्या पावसाळ्यांतली एक सकाळ आठवली. संधिवाताच्या एका बाईंना घरीं सोडावयाचें होतें. मेथोट्रेक्सेट हें औषध या रोगांत आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें; रोज घेतलें तर अस्थिमज्जेंतील रक्तनिर्मिति खुंटून प्राणावर बेततें. डिस्चार्ज कार्डावर घाईंत ‘रोज’ असें पडलें होतें. कार्ड माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातांतून गेलें. ती कांहीं बोलली नाहीं. गोळ्या देतांना सिस्टरांनीं चूक पकडली म्हणून निभावलें.

“तुला दिसलं नाही?” मी गरजलों.

“दिसलं होतं, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

उत्तर आलें नाहीं. आठवड्यापूर्वींच एका चुकलेल्या उत्तरावर “पदवी वाण्याकडून आणलीस काय?” असें मीं तिला सर्वांदेखत विचारलें होतें, हें मला तेव्हां आठवलें नाहीं.

तें न आलेलें उत्तर आतां माझ्यापुढें पडलें होतें. तें तिनेंच लिहिलें कीं दुसऱ्या कोणी, याचा शोध मीं घेतला नाहीं. औषधाचा दुष्परिणाम कळवावयास पुरावा लागत नाहीं, नुसता संशय पुरे, असें मी दरवर्षीं शिकवितों. माझ्या स्वतःच्या दुष्परिणामाची नोंद आली तेव्हां मात्र मी पुरावे मागावयास निघालों होतों.

दहा वर्षांनीं काय उपयोगीं पडेल हें मुलांना आज सांगतां येणार नाहीं. त्या बाबतींतले त्यांचे गुण मी जपूनच घेईन. पण माझ्यापुढें उभें राहतांना छातींत काय होतें हें त्यांनाच ठाऊक. ज्याचें जळतें त्याला कळतें.

एक दुःख मात्र राहिलें. तो लखोटा आला तोंवर तो वर्ग निघून गेला होता. रोग्याला घरीं पाठविल्यावर औषध मानवलें काय, असें विचारण्यासारखेंच हें! म्हणून आतां सत्राच्या मध्यावरच मी मुलांपुढें कोरे कागद ठेवतों. परवां वॉर्डांत एका मुलानें चुकीची मात्रा सांगितली. जिभेवर आलेला शब्द मीं गिळला आणि म्हणालों, “पुन्हा हिशेब करून पाहा.” त्यानें केला, पुन्हा चुकला. पण तो बोलत राहिला.