अंबाडीच्या शोधात

अकोल्याहून खालाचा फोन आला. "येताना अंबाडी मिळाली तर आण बेटा. तापाने तोंडाची चवच गेली." आजारातून उठलेल्या माणसाची फर्माईश मोडवत नाही. अमरावतीच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या. मेथी होती, पालक होता, अंबाडी कुठेच नव्हती.

बडनेरा सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. सोयाबीन, कपाशी, तूर. पूर्वी याच शेतांच्या धुऱ्यावर अंबाडीची रांग असे. माणसापेक्षा उंच झाड, खोडाला बारीक काटे, फिकट पिवळे फूल आणि त्याच्या मध्यभागी गडद लाल ठिपका. ही मूळची आफ्रिकेची. आपली कपाशी आणि भेंडी हिच्याच कुळातल्या. कोवळी पाने भाजीला येत. पुढे झाडे कापून पाण्यात कुजवत, सालीचा वाख काढत आणि बैलांसाठी दोर, कासरे वळत. मग नायलॉनचा दोर आला, ट्रॅक्टर आला. वाख नको झाला, तशी भाजीही गेली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धुऱ्यावर आठ-दहा झाडे दिसली. गाडी थांबवली. निंदण करणाऱ्या बाईंना खालाचे सांगितले. पैसे काढताच त्या म्हणाल्या, "पाल्याचे कायचे पैसे, भाऊ? शेंडे खुडा, झाड नका उपटू. बी धराचं हाये."

अकोल्यात खालाने स्वतः पाने निवडली. पाने वाफवून आंबट पाणी पिळून काढले, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली, वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. हैदराबादेत अशीच आंबट पाने मटणात घालून अंबाडा गोश्त करतात. १८५३ साली इंग्रजांकडे जाईपर्यंत वऱ्हाडचा कारभार निजामाकडे होता. खालाच्या घरी दोन्ही तऱ्हा चालतात. त्या दिवशी मात्र साधी भाजीच हवी होती.

दस्तरखानावर खालाने एक पूर्ण भाकरी खाल्ली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून हात धुतले आणि विचारले, "त्या बाईंचे गाव लक्षात ठेवलेस ना?"

ठेवले आहे. बी तयार झाले की मूठभर मागून आणणार आहे. पावसाळ्यात अंगणाच्या एका कोपऱ्यात चार झाडे सहज होतात. तुमच्या ओळखीत कुणाच्या धुऱ्यावर अंबाडी उरली असेल, तर तुम्हीही मूठभर बी मागून ठेवा.