चाररेघी

पाचवीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ती एकटी उठून दिसायची. एकरेघी, दुरेघी, चौकटीची या जुन्या ओळखीच्या. ही मात्र वरखाली तांबडी आणि मधे दोन निळ्या रेघा घेऊन आलेली, काठापदराची. तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. ते पहिलीत आलं २००० साली. बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं, "हिच्यात मराठीचं एक अक्षर दिसता कामा नये."

स्वभावाने चाररेघी म्हणजे जुन्या वाड्याची मालकीण. वर माडी, मधे माजघर, खाली तळघर. प्रत्येक भाडेकरूची जागा ठरलेली. ए, सी, ओ, एम ही माजघरातली माणसं. बी, डी, एच, के माडीवर डोकी काढणार. जी, पी, क्यू, वाय यांचे पाय तळघरात. टी जिना चढायला लागतो आणि मधेच थांबतो. कर्सिव्हमधला एफ तेवढा तिन्ही मजले फिरून येतो, त्याला कोणी अडवत नाही. एखादा वाय माजघरातच पाय दुमडून बसला, की बाईंची लाल शाई त्याला खाली ओढून काढायची. शिक्षा ठरलेली: पान भरून वाय.

तोवर आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेघेला लटकायची. इंग्रजी अक्षरं पाटावर बसतात, आणि तो पाट म्हणजे वरून तिसरी रेघ, हे आम्हाला चाररेघीने शिकवलं. पहिला महिनाभर आमची ए-बी-सी-डी लोंबकळतच होती.

व्याकरणाचंही तिला कळायचं. पूर्णविराम पाटावर गुपचूप बसतो. स्वल्पविराम बसतो, पण शेपूट तळघरात सोडतो. तोच स्वल्पविराम माडीवर चढला की अपॉस्ट्रॉफी होतो आणि मालकी सांगायला लागतो. तो एसच्या अलीकडे बसला तर पुस्तकं एका मुलाची, पलीकडे बसला तर सगळ्या मुलांची. एवढ्याशा टिकलीने वाटण्या फिरायच्या. मराठीत ही चिन्हं इंग्रजीचं बोट धरूनच आली. मेजर कँडींनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून त्यांना इथे रुळवलं. मराठीच्या वहीत ती कुठेही टेकली तरी खपायचं. चाररेघीत त्यांना माहेरची शिस्त.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. इंग्रजीतला 'मी' वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटल, माडीपर्यंत ताठ उभा. समोरचा 'यू' माजघरात, पाय तळघरात, मग तो वर्गमित्र असो की हेडमास्तर. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांच्यात तसंच असतं. पाठ कर."

पावसाळ्यातला एक ऑफ तास. गो-वेंट-गॉन दहादा लिहून झालं होतं. हात शिवशिवत होते. मी बंदी मोडली आणि चाररेघीत लिहिलं, मी. 'म' माजघरात बरोबर मावला आणि वेलांटी आपसूक माडीवर गेली. मग लिहिलं, तू. ऊकार थेट तळघरात. मग तुम्ही. वेलांटी वर, उकार खाली, तिन्ही मजले भरले. इतकी वर्षं मराठी लिहीत होतो. आपलाही वाडा तीनमजलीच आहे हे दुसऱ्याच्या वाड्यात राहायला गेल्यावर दिसलं. आणि आमच्या वाड्यात सगळ्यात जास्त जागा 'तुम्ही'ला होती.

बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांनी तिन्ही शब्द वाचले. मी हात पुढे करून छडीची वाट पाहत होतो. त्यांनी लाल पेन काढलं, 'तू'च्या ऊकारावर टेकवलं आणि म्हणाल्या, "हा चौथ्या रेघेच्या बाहेर गेलाय. परत काढ."