माती आणि मॅट

दिघ्यात शिकत असताना आम्हांला आमच्या मैदानाचा फार अभिमान होता. तांबडी माती आम्हीच चाळत असू, संध्याकाळी पाणीही आम्हीच शिंपडत असू. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने. २००४ पासून ठाणे-वाशी लोकल धावू लागली. पण ती आमच्याकडे थांबत नसे, शिट्टी तेवढी ऐकू येई.

त्या मातीत आमचा कबड्डीचा संघ कुणाला हार जात नव्हता. जिल्हास्पर्धेत मात्र पहिल्याच फेरीत आमचे पानिपत झाले. सामने मॅटवर होते. आम्ही अनवाणी खेळणारे. उसने आणलेले बूट कुणाला सैल, कुणाला घट्ट. चढाईला गेलेला पाय मागे वळवताना घसरे. परतीच्या बसमध्ये आम्ही मॅटला दोष दिला, पंचांना दिला आणि अखेरीस आमच्या कर्णधारालाही दिला. हे शेवटचे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हांला खाशाबा जाधवांची हकिकत सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्यालाही मॅटची सवय नव्हती. तो सहावा आला. पुढची चार वर्षे त्याने सरावात घातली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यास पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

स्पर्धेत सर्वांना समान संधी असते, हे वाक्य तेव्हापासून आम्हांला पटलेले नाही. घर गहाण टाकणारा प्राचार्य प्रत्येकाला कोठे लाभतो? पण मॅटवर पाय का घसरतो, एवढे तरी आपले आपण शोधता येते. एका कारखान्यातून टाकून दिलेले रबरी पट्टे आम्ही मागून आणले, व्हरांड्यात अंथरले आणि महिनोन् महिने केवळ बूट घालून वळण्याचा सराव केला. पुढच्या वर्षी आमच्यातील धाकट्यांनी उपांत्य फेरी गाठली. तेथे दोन गुणांनी हरले.

कर्णधार ते पाहण्यास नव्हता. दहावीला गणितात नापास होऊन तो कंपनीत रात्रपाळीला लागला होता. दोन महिने आमच्यापैकी कुणीही त्याच्या घरी गेले नाही. संघाचे पट्टे गोळा करणाऱ्या आम्हांला एका मित्राची वही उचलून नेणे सुचले नाही. सुचले तेव्हा पाळी संपवून आलेला तो झोपेने पेंगत आमच्यासमोर गणिते सोडवी. ऑक्टोबरच्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. कसाबसा, पण झाला.

१२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाले. यंदाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यास तो त्याच स्थानकावर उतरून चालत आला. खांद्यावर भली मोठी पिशवी होती. तिच्यात मुलांसाठी बुटांचे बारा जोड. पायांची मापे त्याने आठवडाभर आधीच मागवून घेतली होती.