उचलून नेलेला देव

गळा थकला तशी नारदांची गादी मी तरुणांच्या हवाली केली. पण गादीवर असताना एक अपराध कधी सांगितला नाही, तो आज सांगतो.

आमच्या टोकावड्याहून माळशेज घाट चढला की पुढे ओतूर लागते. तुकोबारायांचे सद्गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथे आहे. वीसेक वर्षांपूर्वी भाद्रपदात तिथली कीर्तनसेवा आटोपून दुसऱ्या दिवशी शिवनेरीवर गेलो. उभ्या कातळाच्या भेगेत, मूठभर माती नसेल अशा जागी, मांसल फांद्यांचे एक झुडूप लोंबत होते. त्याला पाच टोकांची, गडद तांबडी, पिवळसर ठिपक्यांची फुले होती, जणू चांदण्याच.

सोबत वनस्पतिशास्त्राचे एक मास्तर होते. ते म्हणाले, "बुवा, ही शिंदळ माकुडी. १८६५ साली डाल्झेल साहेबाने मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावावरून हिला फ्रेरिया इंडिका म्हटले. हिचे बरेच भाऊबंद आफ्रिकेच्या ओसाड मुलखात, बिनपानांचे. हिला मात्र पावसात पाने फुटतात आणि पाऊस सरला की गळतात. मग अंगातल्या ओलीवर ही उन्हाळा काढते. साऱ्या जगात ही फक्त आपल्या सह्याद्रीत, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर."

मास्तर पुढे गेले आणि मी हात घातला. मुळासकट एक फांदी उपरण्यात बांधली. तुळशीशेजारी लावीन, रोज फूल पांडुरंगाला वाहीन, हा भाव. घरी भातखाचरातली काळी माती घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पंधरा दिवसांत ती बुडापासून कुजली. जिला कोरडा कडा मानवतो, तिला मी मायेने बुडवले.

त्याच आठवड्यात एका सप्ताहात भानुदास महाराजांचे आख्यान लावले होते. राजाने प्रेमापोटी विठ्ठल विजयनगरला नेला आणि भानुदासांनी तो पंढरीला परत आणला, ही परंपरेची कथा. राजाला बोल लावताना माझा आवाज अडखळला. श्रोत्यांना वाटले, बुवांना गहिवर आला. अहो, गहिवर कसला? तो राजा मीच होतो.

पुढे कानावर आले की जाणकारांनी फांद्यांपासून रोपे वाढवून ती पुन्हा कड्यांवर लावली. ऐकून मनोमन दंडवत घातला. भानुदासांचेच काम ते.

आपण वारकरी. देव जिथे उभा आहे तिथे आपण चालत जातो, दर्शन घेतो आणि रिकाम्या हाताने परततो. दिंडी करून गडावर गेलात आणि कातळात अशी चांदणी दिसली, तर लांबूनच हात जोडा. तिची वीट तोच कडा.