टेस्टरचे आठही दिवे लागतात

‘नेट स्लो आहे’ म्हणून फोन आला की मी आधी विचारतो, कधी अडकतं आणि काय बघताना अडकतं? गिऱ्हाईक वैतागतं. त्याच्या लेखी सगळं सांगून झालेलं असतं: ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, टीव्ही वायफायवर नाही, सरळ वायरवर आहे, स्पीड टेस्ट पूर्ण येते, आणि तरी पडद्यावर चकरी फिरते. मग दोष कंपनीचाच असणार ना?

कधी असतोही. ऊसतोडणी सुरू झाली की राहुरी-श्रीरामपूरकडे हमखास. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली जाताना रस्त्यावरून आडवी गेलेली फायबर ओढून नेते, मग कुणीतरी रात्री रस्त्याकडेला बसून स्प्लायसिंग करतं. सांधा नीट बसला नाही तर घरापर्यंत येणारा प्रकाश क्षीण होतो. उणे १८-२० डीबीएम असेल तर मी निर्धास्त असतो. उणे २७ च्या आसपास गेला की कनेक्शन आज आहे, उद्या नाही. मीटर लावला की दोन मिनिटांत हे कळतं. दोष बाहेरचा असला तर तो कंपनीच्या गळ्यात घालून मोकळं होता येतं. खरी डोकेफोड होते ती घरातल्या वायरीवर.

ही सगळी यंत्रणा दोष झाकण्यात पटाईत आहे, तिची रचनाच तशी केलेली आहे. वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर ते गुपचूप पुन्हा मागवलं जातं. केबलमधल्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडी तुटली, तर गिगाबिटचा नाद सोडून दोन्ही टोकांची यंत्रं १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. टीव्हीतला प्लेअर तर आणखी हुशार. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. पुढचे तुकडे तो आधीच भरून ठेवतो, आणि वेग पडला की कमी दर्जाचा तुकडा मागवतो. चेहरे जरा पुसट होतात, घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. या सगळ्यांचे उपाय संपले की मग चकरी फिरते. त्यामुळे ‘कालपर्यंत नीट होतं’ हे वाक्य मी ऐकून घेतो, पण त्यावर विसंबत नाही. दोष कित्येकदा वास्तुशांतीच्या दिवसापासूनचा असतो.

आणि वेगाचं म्हणाल तर फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतःच १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टही १०० चाच असतो. ३०० वरून ५०० वर गेलात तरी त्या पोर्टातून १०० च्या वर काही जाणार नाही. हे सांगितलं की काही जणांचा चेहरा पडतो. प्लॅन त्यांनी मेहुण्याच्या सल्ल्याने वाढवलेला असतो.

सावेडीतल्या एका बंगल्याची गोष्ट सांगतो. राऊटर खाली, टीव्ही वर, केबल भिंतीतल्या पाइपातून. लाइटफिटिंग करणाऱ्यानेच दोन्ही टोकांना जॅक बसवले होते. टेस्टर लावला तर एक ते आठ दिवे ओळीने लागले. घरमालक म्हणाले, “बघा सर, वायर ओके आहे.” लॅपटॉप राऊटरला जोडला, सगळं स्वच्छ. वर टीव्हीची वायर काढून लॅपटॉपला लावली आणि राऊटरलाच पिंग चालू ठेवला. बाहेरच्या इंटरनेटशी याचा काही संबंध नाही, घरातल्या घरातली ही ये-जा. तिथेच पॅकेट गळत होती.

मग जॅक उजेडात धरून पाहिला. आतले रंग कसे सुरेख लावले होते: नारिंगीची जोडी, शेजारी हिरव्याची, मग निळ्याची, शेवटी तपकिरीची. दिसायला व्यवस्थित, आणि चूक नेमकी तीच. हिरव्या जोडीतली एक तार तिसऱ्या जागी आणि दुसरी सहाव्या जागी जायला हवी, मध्ये निळी जोडी. यंत्र तिसरी आणि सहावी तार मिळून एक जोडी मानतं. केबलमध्ये तारांना पीळ असतो तो शोभेसाठी नाही. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. ग्रॅहॅम बेलने याचं पेटंट १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी घेतलं होतं. इथे तिसऱ्या जागी होती हिरव्याची तार आणि सहाव्या जागी निळ्याची. दोघींचा पीळ वेगवेगळ्या जोडीदारणीशी. गोंगाट वजा व्हायचा कसा? स्वस्तातला टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली का तेवढंच बघतो. पोचली होतीच.

दोन्ही जॅक कापले, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा असे क्रमाने लावून पुन्हा क्रिम्प केले. पीळ शक्य तितका जॅकच्या तोंडाशी राहू दिला. तो सोडताना आळस केला की पुन्हा तेच. पिंग सरळ झाला.

दुसरं घर नालेगावातलं, एका काकांचं. तिथली तक्रार मला फार आवडली, कारण काका नीट निरीक्षण करणारे होते. “पिच्चर कधीच अडकत नाही, मॅचच अडकती. अन् तीही रोज नाही.” सिनेमा पुढचा साठा भरून ठेवू शकतो, थेट सामन्याला तो थोडासाच ठेवता येतो, जे अजून घडलंच नाही ते आधी कुठून आणणार? म्हणजे खंड छोटा होता, काही सेकंदांचा, पण पुन्हा पुन्हा पडणारा. वायर चांगली, जॅक चांगले, स्पीड उत्तम. लॅपटॉपवर पिंग लावून मी चहा पीत बसलो. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, “अहो, पाणी आलं, मोटर लावा.” नगरला मुळा धरणाचं पाणी येतं, पण ते रोज नाही, आणि आलं की गल्लीभर मोटरी सुरू होतात. काकांनी बटण दाबलं, ट्यूबलाइट क्षणभर मिचमिचली आणि पिंग थांबला. काही सेकंदांनी परत सुरू.

जिन्याखालचा पाच पोर्टांचा स्विच रीस्टार्ट होत होता. त्याचा अडॅप्टर जुना, आतला कपॅसिटर सुकलेला. मोटर सुरू होताना व्होल्टेज जरा दबलं तरी त्याला दम धरवत नव्हता. टीव्ही आणि राऊटर त्याच क्षणी बिनधास्त चालू, म्हणून त्या स्विचकडे कुणाचं बोट गेलं नाही. अशा डबीचा दिवा लागलेला असला की घरातले ती विसरून जातात. काकांच्या मुलाने तर तोवर राऊटर बदलून घेतला होता.

मी तेवढ्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा नवा अडॅप्टर लावला. काकांना मोटर बंद-चालू करायला सांगितली, दोनदा. पिंग हलला नाही.

मग पैशांचं बोलणं निघालं. अडॅप्टरचे त्यांनी लगेच काढून दिले. व्हिजिट चार्ज म्हटल्यावर म्हणाले, “पण तू तर नुसता चहा पीत बसला होतास.”