दोन गुंजांचा आवाज

नाशिकच्या गंगापूर रोडवर आनंदवल्ली मागे टाकून सोमेश्वरापाशी उतरलं की गोदावरी काळ्या कातळातून वाट काढताना दिसते. लहानपणी आम्ही भावंडं तिथे दोऱ्याला लोहचुंबक बांधून वाळूतून ओढायचो. वर काढला की चुंबकाला काळ्या कणांची दाट दाढी आलेली असायची. वडील सराफ बाजारात सोनारकाम करत. ते म्हणायचे, "हे आपल्या दगडातलं लोखंड. नाशिकच्या मातीत सोनं मिळतं ते फक्त सराफ बाजाराच्या गटारात." ते खरंच होतं. पहाटे झारेकरी यायचे, दुकानांसमोरची माती गोळा करून न्यायचे आणि तिच्यातून गुंज-दोन गुंज सोनं धुऊन काढायचे. ज्या कणावर आम्ही पाय देऊन जायचो, तो त्यांना सापडायचा. त्या माणसांविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

म्हणूनच मेलबर्नला असलेल्या भाच्याने फोनवर सांगितलं, "आत्या, या वेळी आलीस की तुला सोनं शोधायला नेतो," तेव्हा मी तारीखच विचारली.

मे महिन्यात नाशिक तापलेलं होतं आणि तिकडे शरद संपत आला होता. भाचा म्हणाला, शोधाला हेच दिवस चांगले. थंडीत साप फारसे बाहेर पडत नाहीत. व्हिक्टोरिया राज्यात हौशी माणसालाही 'मायनर्स राइट' नावाचा परवाना घ्यावा लागतो. तो दहा वर्षं चालतो. हातातल्या अवजारांनीच खणायचं, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत आणि मूळ रहिवाशांच्या वारसास्थळी खणायचं नाही. एवढं पाळलं तर सापडलेलं सोनं तुमचं. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्यामुळे त्या परवान्यावर स्वतःचं नाव पाहताना मला फार नवल वाटलं.

मेलबर्नहून पश्चिमेला निघालो आणि तासाभरात मला घरी आल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि शेतांच्या कडेला काळ्या दगडांचे रचलेले बांध. तोही लाव्हाच. आपला दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्यापुढे अगदी अलीकडचा. बॅलरॅटजवळ या लाव्ह्याने सोनं वाहून आणणाऱ्या जुन्या नद्या गाडून टाकल्या. १८५१ मध्ये इथे सोन्याची धावपळ सुरू झाली. वरवरचं सोनं संपल्यावर खाणकऱ्यांनी हा कातळ फोडून खालच्या नद्यांचे तळ गाठले. काळ्या दगडाखाली नदी आणि नदीच्या तळाशी सोनं, हे ऐकताना मला सोमेश्वरचा कातळ आठवत राहिला.

मेरिबरो ओलांडून डनॉलीला मुक्काम केला. गाव छोटं, रस्ते मात्र रुंद. इथल्या संग्रहालयात एक ऐरण आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जवळच्या मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर, सोन्याचा प्रचंड गोळा लागला. त्याचं नाव 'वेलकम स्ट्रेंजर'. एवढं वजन पेलणारा तराजू गावात नव्हता, म्हणून तो ऐरणीवर फोडावा लागला. त्यातून निघालेलं सोनं सुमारे ७१ किलो होतं, म्हणजे सहा हजार तोळ्यांहून जास्त. सोनाराच्या मुलीने त्या ऐरणीसमोर उभं राहणं म्हणजे काय, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. मी तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात गेलो. आयर्नबार्कची काळी, खोल भेगांची खोडं, खाली लालसर माती, पांढऱ्या गारेचे तुकडे आणि जागोजाग जुन्या खाणींचे उघडे खड्डे. इथे नजर पायाखाली ठेवूनच चालायचं. भाच्याच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ सोबत आले होते. चाळीस वर्षं याच रानात शोधत असलेला माणूस. धातू शोधायचा डिटेक्टर मायनलॅब कंपनीचा, जीपीएक्स ६०००. गाडीच्या मागच्या फळीवर त्यांनी तीन कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाला लावायच्या चकत्या, ओळीने मांडल्या आणि सांगायला लागले. भाचा मला मराठीत समजावत होता.

डिटेक्टर कॉइलमधून विजेचा झटका देतो आणि लगेच बंद करतो. त्या झटक्याने जमिनीतल्या धातूत क्षणभर वीज फिरते, आणि ती विरताना जी खूण उमटते ती यंत्र ऐकतं. मला नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा आठवली. मोठी घंटा वाजवली की नाद कितीतरी वेळ घुमतो. पूजेतली घंटी किणकिणून लगेच गप्प होते. सोन्याचंही तसंच. मोठ्या गोळ्याचा नाद लांबतो, बारीक कणाचा विरून जातो, म्हणून त्याला पकडायला यंत्राने झटपट कान द्यावा लागतो.

आता कॉइल. ११ इंची गोल 'मोनो' कॉइलमध्ये एकच वेटोळं पाठवतं आणि तेच ऐकतं. तिची पोच खाली निमुळती होत जाते. खड्डे-झुडपांत ती सहज फिरते आणि बारीक सोनं तिला चांगलं ऐकू येतं. १७ इंची लांबट मोनो मोठ्या गोळ्यासाठी खोलवर पोचते, एका फेरीत जास्त जमीन व्यापते. पण बारीक कण तिच्या हातून निसटतो आणि जमिनीचा गोंगाटही ती जास्त गोळा करते. तिसरी १४ इंची 'डबल डी'. आत दोन वेटोळी असतात. दोन करंज्या सरळ बाजूंनी एकमेकींवर थोड्या चढवाव्यात तशी. एक वेटोळं पाठवतं, दुसरं ऐकतं, आणि ऐकण्याची धार मधल्या पट्टीत विळीच्या पात्यासारखी उभी उतरते. खारट जमिनीत किंवा विजेच्या तारांजवळ हीच बसवायची. एरवी खोली आणि बारकावा मोनोकडे. आमच्या रानात तारा नव्हत्या आणि म्हाताऱ्यांना तिथे बारीकच सोनं मिळत आलं होतं. त्यांनी ११ इंची मोनो बसवली.

यंत्राने किती बारीक ऐकायचं ते ठरवणारी सेन्सिटिव्हिटी एक ते दहा. मी साहजिकच दहावर नेली. इतक्या लांब आल्यावर यंत्राने सगळं ऐकावं, असं वाटलं. आणि त्याने सगळं ऐकलं. पावलागणिक आवाज, प्रत्येक आवाजाला खड्डा, आणि खड्ड्यात लोखंडी गोट्या. तिथल्या मातीत वाटाण्याएवढे लोहमय खडे पसरलेले असतात, त्यांना 'बकशॉट' म्हणतात. चुंबक लावला की टपकन चिकटतात. दुपारपर्यंत खांदा भरून आला, हाती काही नव्हतं.

जेवणानंतर म्हाताऱ्यांनी प्लास्टिकच्या पट्टीत चिकटवलेला सोन्याचा एक कण मातीवर ठेवला. दहावर कॉइल फिरवली. कणाचा आवाज जमिनीच्या कलकलाटात कुठे होता, कळलंच नाही. त्यांनी सेन्सिटिव्हिटी पाचवर आणली, बटण दाबून धरून कॉइल मातीवर चारपाचदा खालीवर केली, म्हणजे यंत्राने त्या मातीतल्या लोखंडाचा आवाज ओळखून वजा केला. कानात बारीक, सरळ गुणगुण उरली. आता कॉइल कणावरून गेली तशी ती गुणगुण हलकेच वर चढली आणि खाली आली.

मला वडील दिसले. उतारवयात त्यांना श्रवणयंत्र लावावं लागलं. घरी ते आवाज मोठा ठेवत, पण सराफ बाजारात पाऊल टाकलं की कमी करत. विचारलं तर म्हणत, "मोठा केला की भांडी बाजारच ऐकू येतो. गिऱ्हाईक ऐकायचं तर बाजाराच्या मानाने ठेवायला लागतं." सेन्सिटिव्हिटी सोन्याचा आवाज वाढवते तेवढाच जमिनीचाही वाढवते. ती किती ठेवायची, हे आपल्या हव्यासाने ठरत नाही. पायाखालची जमीन ठरवते. गुणगुण थरथरायची थांबेल तिथवर आणायची, आणि शांत जमीन आली की पुन्हा चढवून पाहायची.

तिसऱ्या दिवशी मी सावकाश चालले. कॉइल मातीला जवळजवळ टेकलेली, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी. आवाज आला की दोन्ही बाजूंनी फिरवून बघायची. जमिनीचा आवाज जागा बदलतो, धातूचा तिथेच राहतो. मग बुटाने दोन बोटं माती सारायची. आवाज गेला तर ती मातीच होती. ठळक झाला तर खाली काहीतरी आहे. दोनदा शिशाचे छर्रे निघाले. शिसं अगदी सोन्यासारखंच बोलतं, त्यामुळे ते खणल्याशिवाय गत्यंतर नसतं.

दुपारी एका गारेच्या ओळीजवळ गुणगुण किंचित उचलली गेली. भाचा म्हणाला, "आत्या, काही नाही ते." मी माती सारली. आवाज उंचावला. थोडं खणून माती प्लास्टिकच्या पेल्यात घेतली, निम्मी टाकली, निम्मी कॉइलवर धरली, पुन्हा निम्मी. शेवटी तळहातावर चिमूटभर लाल माती आणि तिच्यात पिवळा कण. गुंजेच्या दोन दाण्यांएवढ्या वजनाचा. थंड असूनही मला तो गरम वाटला. म्हाताऱ्यांनी टोपी काढली. भाच्याने खड्डा बुजवला आणि वर वाळलेली पानं पसरली.

तो कण मी भाच्याच्या घरीच ठेवला. त्याच्या लेकीच्या पहिल्या दागिन्यात घालायला. डनॉलीहून जवळच, किंगावरला, १९८० मध्ये डिटेक्टरवर २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' सापडला होता. तरीही मला माझ्या दोन गुंजांचं अप्रूप कमी वाटलं नाही. त्या आवाजासाठी मला आधी यंत्र कमी करावं लागलं होतं.

गंगापूर रोडला परतले तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. शेजारच्या दोन पोरांना घेऊन सोमेश्वराला गेले, दोऱ्याला चुंबक बांधला आणि वाळूतून ओढला. काळी दाढी आली. पोरांनी विचारलं, "आजी, यात सोनं आहे का?" मी म्हटलं, "नाही रे. पण सोनं शोधायचं असेल तर आधी हे ओळखायला शिका." मग ती दोघं कातळावर बसून चुंबकावरचा एकेक कण बोटांनी निरखत राहिली.